खोडरबरांचा डबा

विज्ञानाच्या बाईंच्या टेबलाच्या तिसऱ्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात बावीस वर्षांची खोडरबरं होती. हत्तीच्या आकाराची, वासाची, पेन्सिलीच्या टोकावर बसवायची, अर्धी चावलेली. विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की बाई चौथीच्या वर्गात हा डबा फिरवायच्या आणि पोरं नाइलाजाने आपापलं रबर त्यात टाकायची. पुढचे पाच आठवडे प्रयोगाच्या वहीत पेनानेच लिहायचं. चुकलं तर एक सरळ रेघ मारायची आणि खाली बरोबर ते लिहायचं, पण चुकलेलंही वाचता आलं पाहिजे. "जे दिसलं ते लिहायचं, जे दिसायला हवं होतं ते नाही," हे वाक्य बाईंनी इतक्या वेळा म्हटलं होतं, की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा ते झोपेत म्हणू शकली असती. प्रदर्शन संपलं की रबरं परत मिळत, पण तोवर पोरांना त्यांची आठवण उरलेली नसे आणि डबा भरत गेला.

पालकांचं आणि बाईंचं मात्र कधी जमलं नाही. पालकांना ज्वालामुखी हवा असायचा. तो तयार मिळतो, वरून दोन चमचे काहीतरी ओतलं की फेस येतो, फोटो झकास निघतो. बाई असा ज्वालामुखी दारातूनच परत पाठवायच्या. "ह्यात प्रश्न काय आहे?" असं त्यांनी विचारलं की वडील गोंधळून म्हणायचे, "प्रश्न कसला बाई, चालतोय की व्यवस्थित." एकाने तर दोऱ्यावर चढणारी-उतरणारी लिफ्ट आणली होती. मुलाला विचारलं, तर तो म्हणाला की बाबा मला हात लावू देत नाहीत.

बाईंची पद्धत साधी होती, म्हणूनच कोणाला पटत नसे. ज्याचं उत्तर आपल्याला खरोखर माहीत नाही असाच प्रश्न घ्यायचा. मग मोजायचं, पुन्हा मोजायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. घरी बाई आणि त्यांची थोरली बहीण अशा दोघीच राहायच्या. बहीण म्हणायची, "तुला आपल्या न्हाणीतला नळ नीट करून घेता येत नाही आणि निघालीस लोकांची पोरं शहाणी करायला." बाई हसायच्या. नळ गळतच होता, आणि त्याखाली बादली किती वेळात भरते ते त्यांना मिनिटांत माहीत होतं.

शाळेत बाईंची बाजू घेणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे बसचे ड्रायव्हरकाका. प्रदर्शनाच्या दिवशी पोरांच्या मांडीवर मातीच्या कुंड्या, पाण्याच्या बाटल्या आणि पुठ्ठ्याचे मनोरे असायचे. काका त्या दिवशी बस अशी आणायचे की थेंब सांडायचा नाही. "तुमचं ते एका वेळी एकच बदलायचं, ते गिअरला पण लागू आहे, बाई," असं ते म्हणायचे. त्यांना उशिरा झालेली मुलगी यंदा चौथीत होती. सगळी शाळा तिला फूटपट्टी म्हणायची, कारण दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात तिची फूटपट्टी कायम खोचलेली असे आणि ती दिसेल ते मोजत सुटे. बाक, डबा, स्वतःची वेणी. मुख्याध्यापिकेला, म्हणजे मोठ्या बाईंना, तिने एकदा भर व्हरांड्यात सांगितलं होतं की तुमच्या ऑफिसची दुसरी पायरी पहिलीपेक्षा दोन सेंटिमीटर उंच आहे, म्हणून तुम्ही रोज अडखळता. पायरी खरंच उंच होती.

ह्या फूटपट्टीने प्रश्न आणला, "आमच्याकडे सगळ्यात लांबचं कोणाला दिसतं?" बाईंना प्रश्न आवडला. त्यांनी कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडून डोळे तपासायचा जुना तक्ता मागून आणला. वरच्या ओळीत एकच मोठं अक्षर, खाली येता येता अक्षरं बारीक, आठवी ओळ मुंगीएवढी. तसलाच तक्ता सगळीकडे टांगलेला असतो. फूटपट्टीने तो घरातल्या भिंतीवर लावला, बारा पावलांवर खडूने रेघ मारली आणि आई, दादा, बाबा आणि शेजारच्या आजी यांना रोज रेघेवर उभं करायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात बाबा पहिले आले. आठही ओळी, एक अक्षर न चुकता. पोरगी दोन दिवस वर्गात त्याच तोऱ्यात होती.

वही चाळताना बाईंना एक गोष्ट खटकली. दादाची ओळ दर दोन-तीन दिवसांनी एकेकाने खाली सरकत होती, पाचवरून सातवर. कोणाचे डोळे आठवड्यात सुधारत नाहीत. त्यांनी फूटपट्टीला बोलावलं.

"रोज तोच तक्ता लावतेस ना? मग माणूस वाचतोय की आठवतोय, हे तुला कसं कळणार?"

पोरीने वहीतली दादाची पानं मागेपुढे उलटली. मग म्हणाली, "मग तक्ता बदलायचा. बाकी सगळं तेच ठेवायचं." आणि तिने पुढच्या दोन दिवसांत त्याच मापाची अक्षरं आखून पाच नवे तक्ते केले. बाईंनी ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवले. बावीस वर्षांत एवढं नीट काम कोणा पोराने केलं नव्हतं, आणि सुचवलं आपण, ह्याचा त्यांना अभिमानही वाटला. त्या अभिमानाची पुढे त्यांना लाज वाटायची होती.

तिसऱ्या शुक्रवारी वह्या जमा झाल्या. शाळा सुटायच्या जरा आधी प्रयोगशाळेत बसून बाई वाचत होत्या. आई, जुना तक्ता सात, नवा सात. दादा, जुना सात, नवा पाच. शेजारच्या आजी, तीन आणि तीन. बाबा, जुना आठ, नवा एक. बाईंना वाटलं, घाईत चुकलं असेल, आणि त्यांनी खोडलेली रेघ शोधली. ती नव्हती. नऊ दिवसांच्या नोंदी होत्या, सकाळच्या एक आणि संध्याकाळच्या शून्य. खाली गोल अक्षरात लिहिलं होतं, "बाबांना जुना तक्ता पाठ आहे. मी दिवा बंद केला तरी त्यांनी पूर्ण वाचला. डोळे मिटूनही वाचला. नवा तक्ता त्यांना आवडत नाही."

खिडकीबाहेर बस मागे घेतली जात होती. काका आरशात न बघता, मान वळवून, भिंतीवर आदळणाऱ्या स्वतःच्याच इंजिनाच्या आवाजाकडे कान देऊन गाडी लावत होते. आजवर बाईंना ते कौशल्य वाटत आलं होतं. पोरं चढू लागली. बाईंनी मोजली, एकतीस भरली.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्या बसपाशी गेल्या. काका फडक्याने पुढची काच पुसत होते.

"या बाई. यंदा कुंड्या किती?"

बाईंनी वही पुढे केली. काकांनी ती हातात घेतली, उघडली आणि परत दिली. "तुम्हीच वाचा. चष्मा घरी राहिला."

काकांना चष्मा नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. बाईंनी वाचलं. डोळे मिटूनही वाचला, ह्या वाक्याला काका जरासे हसले.

"कार्टीने धरलंच शेवटी."

"किती दिवस झाले, काका?"

"दीड वर्ष. साखरेने डोळ्यामागचा पडदा खाल्लाय म्हणतात. चष्म्याने भागायचं नाही आणि गेलेलं परत यायचं नाही."

"आणि दर वर्षीची तपासणी?"

"तक्ता तोच असतो. रांगेत माझ्यापुढचे दहा-बारा जण मोठ्याने वाचतात. कोणाचाही पाठ होईल."

"एकतीस मुलं आहेत."

"मला काय सांगता, बाई. त्यातली एक माझी आहे." ते फडकं पिळत राहिले, फडकं कोरडं असूनही. "वार्षिक सुट्टी लागली की मी आपणहून सोडतो. सहा आठवडे राहिलेत. रस्ता मला पाठ आहे. फक्त हे तिच्या वहीतून बाहेर यायला नको. आज तिला ही गंमत वाटतेय. उद्या कळेल की आपण मोजलं म्हणून बापाची गाडी गेली. एवढंसं पोर ते ठेवणार कुठे?"

वहीतून काही बाहेर येणार नाही, असा शब्द बाईंनी दिला. बसबद्दल त्यांनी शब्द दिला नाही आणि घेतलाही नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली होती. घरी बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "सरळ सांगून टाक मोठ्या बाईंना. ह्यात विचार कसला?" बाई म्हणाल्या, "त्या पुरावा विचारतील. आणि पुरावा म्हणजे नऊ वर्षांची पोरगी."

दुसऱ्या दिवशी बाईंनी फूटपट्टीला समजावलं की शास्त्रात नावं लिहीत नाहीत, क्रमांक लिहितात. तिला ते फार आवडलं. तिने नवी वही केली आणि तीत आई झाली माणूस एक, बाबा झाले माणूस तीन. पोराला खरं वाटेल असं काहीतरी सांगून वेळ मारून नेण्याचा बाईंचा हा पहिलाच प्रसंग होता, आणि तो इतका सहज जमला ह्याचंच त्यांना वाईट वाटलं.

त्याच दिवसापासून त्या बसने येऊ-जाऊ लागल्या. गुडघे दुखतात, असं सांगितलं. अगदी पुढच्या सीटवर बसायच्या आणि हळूच बोलत राहायच्या. पुढे सायकल आहे. डावीकडे हातगाडी. म्हातारी रस्ता ओलांडतेय, थांबा. मागे पोरं कुजबुजायची की बाई ड्रायव्हिंग शिकतायत. काका खरंच सगळं पाठ करून चालवत होते. पाव भाजल्याचा वास आला की डावीकडे, गतिरोधकाचा हिसका बसला की मनात सात आकडे आणि मग बसचा थांबा. एकदाही चुकले नाहीत. आठवड्याभराने बाईंना वाटू लागलं की निघतील हेही दिवस. आपण आहोत ना. माणूस स्वतःची समजूत किती झटपट घालतो, हे मोजायला मात्र फूटपट्टी नसते.

प्रदर्शनाच्या दिवशी बस भरून वाहत होती. वेली, भिंगं, गंजलेले खिळे, आणि हो, दोन ज्वालामुखी. त्यांना अडवायला यंदा बाईंच्या अंगात बळ नव्हतं. फूटपट्टी आपल्या तक्त्यांच्या गुंडाळ्या छातीशी धरून बसली होती. बेकरीचं वळण घेताना मागच्या पोराच्या हातून मोड आलेल्या मटकीची बरणी निसटली आणि बाई ती झेलायला वळल्या. दोन क्षण, फार तर तीन. पुन्हा पुढे बघतात तर काल नसलेला खड्डा रस्त्यात होता, त्याच्या अलीकडे दोरी, दोरीला लाल चिंधी आणि दोरीपाशी हात हलवणारा एक माणूस.

"थांबवा," बाई ओरडल्या.

काकांनी सगळं वजन ब्रेकवर टाकलं. दोरी बसच्या नाकाला टेकली. माणूस बाजूला उडी मारून उभा होता. माती, पाणी, मटकी सगळीकडे झाली, एक-दोघं रडू लागले, लागलं कोणालाच नाही. बाईंनी मागे जाऊन एकतीस डोकी दोनदा मोजली. परत पुढे आल्या तेव्हा काका स्टिअरिंग धरून समोर बघत होते.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, "काय होतं?"

शाळेत उतरल्या त्या बाई थेट मोठ्या बाईंकडे गेल्या. मोठ्या बाई हॉलच्या दारात परीक्षकांची वाट बघत होत्या.

"काकांना दिसत नाही. त्यांना आज परतीच्या फेरीला बसवू नका."

"कोण म्हणतं? गेल्या महिन्यात त्यांनी तपासणीचा कागद आणून दिलाय. शिक्का आहे त्यावर." मोठ्या बाईंनी आवाज खाली आणला. "बाई, वीस वर्षांत त्यांच्या हातून एक आरसा फुटलेला नाही. तुमच्याकडे काही आहे का दाखवायला?"

बाईंच्या पिशवीत ती नावांची जुनी वही होती. त्यांनी पिशवीचे बंद घट्ट धरले. "नाही," त्या म्हणाल्या.

मोठ्या बाई काही वाईट नव्हत्या. त्यांना लगेच सोक्षमोक्ष लावायचा होता, आणि हॉलमध्ये फूटपट्टीचा जुना तक्ता टांगलेलाच होता. काकांना बोलावलं, फूटपट्टीच्या टेबलासमोर बारा पावलं मोजून उभं केलं. आजूबाजूचे पालक जमले. काकांनी खालची ओळ वाचली, मग वरची, मग मधली उलटी वाचून दाखवली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाईंनी विज्ञानाच्या बाईंकडे बघितलं, रागाने नाही, काळजीने, आणि ते जास्त लागलं.

टेबलाखाली पाच गुंडाळ्या बाईंना दिसत होत्या. एक वाक्य बोललं की झालं असतं. एकतीस पोरं संध्याकाळी ह्याच बसमधून जाणार होती. बाईंनी तोंड उघडलं, फूटपट्टीच्या आनंदी तोंडाकडे बघितलं आणि पिशवीचे बंद आणखी आवळले.

"मोठ्या बाई, ह्या तक्त्यावर खरं कळतच नाही," फूटपट्टीच म्हणाली. "माझा प्रयोग तोच तर आहे. हा बाबांना पाठ आहे. डोळे मिटून पण म्हणतात. थांबा, मी नवा लावते." ती खाली वाकली, एक गुंडाळी काढली, स्टुलावर चढून चारही कोपरे नीट दाबून तक्ता लावला आणि खाली उतरून नवी वही आणि पेन काढलं. "हं, बाबा. वाचा."

हॉलमध्ये दुसऱ्या टोकाला कोणाचा तरी ज्वालामुखी फसफसला आणि पोरं हसली. काका तक्त्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी तक्ता सोडला आणि लेकीचा आवाज जिथून आला तिकडे तोंड केलं.

"नाही दिसत, बाळा," ते म्हणाले. "लिही तू. माणूस तीन, नाही दिसलं, असं लिही."

ती लिहायला लागली. निम्मं लिहून झाल्यावर तिने मान वर केली, मोठ्या बाईंकडे बघितलं, आपल्या बाईंकडे बघितलं. नंतर उरलेलं लिहून पुरं केलं, कारण तसं शिकवलं होतं. काकांनी खिशातून बसची किल्ली काढली आणि मोठ्या बाईंच्या हातात दिली.

बक्षीस फूटपट्टीला दुसरं मिळालं. पहिलं ज्वालामुखीला गेलं. दुसऱ्या दिवसापासून बस कोणी नवा माणूस चालवू लागला. काका घरी बसले. दुसरं काम शोधतोय, असं सगळ्यांना सांगत, पण कुठल्या कामाला डोळे लागत नाहीत ते त्यांनाही सापडत नव्हतं. सकाळी ते लेकीचं बोट धरून शाळेपर्यंत चालत येत. बघणाऱ्याला वाटे, बाप पोरीला सोडायला आला. एकदा बाई फाटकाशी त्यांना भेटल्या. माफी मागायची होती, पण नेमकी कशाची, ते ठरेना. बोलले म्हणून की बोलले नाही म्हणून? काकाच म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही, बाई." तेवढ्याने बाईंची आणखीच पंचाईत झाली.

पुढच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर फूटपट्टी प्रयोगशाळेत आली. दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात फूटपट्टी नव्हती. तिने वही टेबलावर ठेवली आणि बाबांचं पान उघडलं.

"बाई, मी मोजलं ते बरोबर होतं ना?"

"हो," बाई म्हणाल्या. "अगदी बरोबर होतं."

"तक्ता बदलला तेही?"

"तेही."

पोरीने पानावरून बोट फिरवलं. "मग आता पुसता येईल?"

बावीस वर्षांत पोरांच्या प्रश्नाला बाईंकडे उत्तर नव्हतं असं फारसं झालं नव्हतं, आणि नसलं तर त्या म्हणायच्या, चल, करून बघू. त्यांनी तिसरा खण ओढला, पत्र्याचा डबा काढला आणि झाकण उघडून तिच्यापुढे ठेवला. तिने वरवर चाळून एक पांढरं, न वापरलेलं रबर निवडलं आणि पहिल्या ओळीपासून खोडायला लागली. शाई जात नव्हती, नुसती पसरत होती, आणि तिसऱ्या ओळीशी कागद सोलवटायला लागला. शाईवर रबर चालत नाही हे तिलाही माहीत होतं. तरी ती दात आवळून खोडत राहिली, आणि वही सरकू नये म्हणून बाईंनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.